टाइपरायटरची रिबन बदलताना जुनी चकती टाकू नका

गोदरेज किंवा रेमिंग्टनला अर्धा इंची (13 मिमी) रिबन चालते, पण नव्या चकतीचं मधलं भोक दरवेळी जुळेलच असं नाही. म्हणून मूळ चकत्या जपा आणि नवी रिबन त्यांच्यावरच गुंडाळा. जुनी काढण्याआधी ती कुठून कशी ओवलीय, याचा मोबाइलवर फोटो घ्या. हातमोजे घाला, शाई नखांतून लवकर जात नाही. दुरंगी रिबनचा काळा पट्टा वर हवा. रिबनच्या दोन्ही टोकांजवळची धातूची बारीक कडी नीट बघा. बऱ्याच यंत्रांत ती अडकली की रिबन उलट फिरू लागते. कडी नसेल तर तिथे घट्ट गाठ मारा.