एचआयव्हीची गोळी रोज घेताना येणाऱ्या अडचणी आणि त्या सोडवण्याचे मार्ग

भारतात एचआयव्हीवरील औषधे सरकारी एआरटी केंद्रांतून (एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या केंद्रांतून) १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या सीडीफोर पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. पूर्वी अनेकांना दिवसातून दोनदा औषध घ्यावे लागे. आता बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधे असलेली ‘टीएलडी’ ही एकच गोळी दिवसातून एकदा पुरते. औषध घेणे इतके सोपे झाल्यावरही ज्यांची गोळी वारंवार राहते, त्यांची अडचण बहुधा घरात, कामाच्या ठिकाणी किंवा मनात असते, आणि ‘नियमित घेत जा’ एवढ्या उपदेशाने ती सुटत नाही.

आधी कारण शोधावे. मागच्या महिन्यात ज्या दिवशी गोळी राहिली, त्या दिवशी आपण कोठे होतो, सोबत कोण होते आणि मन कसे होते, हे आठवून लिहून काढावे. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन राहिल्या तरी प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली जाते आणि केंद्रावर औषध घेण्यातील नियमितपणा समाधानकारक मानण्याची रेषा तीच आहे. म्हणूनच उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, आणि बोलणी बसतील या भीतीने काही जण त्या आधीच काढून टाकतात. त्यामुळे हिशेब जुळतो खरा. परंतु पुढे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढलेला निघाला, तर विषाणू औषधाला दाद देईनासा झाला की गोळ्याच पोटात गेल्या नाहीत, हे डॉक्टरांना ठरवता येत नाही आणि चांगले चाललेले औषध विनाकारण बदलले जाऊ शकते.

बऱ्याच गोळ्या राहतात त्या लपवाछपवीत. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात किंवा कामगारांच्या सामायिक खोलीत गोळी घेण्यापुरताही एकांत मिळत नाही. पाहुणे आले, लग्नघरी मुक्काम पडला की ठरलेली वेळ टळते. अशा वेळी घड्याळापेक्षा एकांत पाहून वेळ ठरवावी. एफाविरेन्झ असलेल्या जुन्या गोळीने गुंगी येत असल्यामुळे ती झोपताना घेण्यास सांगत. ती सवय अनेकांनी टीएलडीवर आल्यानंतरही धरून ठेवली आहे. टीएलडी सकाळी अंघोळीनंतर किंवा कामावर पोहोचल्यावरही घेता येते, जेवणाआधी किंवा नंतर, कशीही. वेळ बदलण्यापूर्वी केंद्रावर एकदा विचारून घ्यावे. बाटलीवरचे लेबल खरवडून टाकले तरी चालते, मात्र आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नये. दोन-तीन गोळ्या लहान कोरड्या डबीत घालून कामाच्या पिशवीत ठेवाव्यात. ‘कसली गोळी?’ या प्रश्नाचे एक छोटे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. ते देण्यात अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, न्यायालयाच्या आदेशाखेरीज, कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही आणि या कारणावरून नोकरीत भेदभावही करता येत नाही.

तरीही वर्षानुवर्षे हे ओझे एकट्याने वाहणे कठीणच. निदान एका माणसाला तरी सांगावे, आणि ते माणूस निवडताना नात्याच्या जवळिकीपेक्षा त्याने यापूर्वी कोणाची गोष्ट पोटात ठेवली आहे का, हे पाहावे. गरोदरपणातील तपासणीत पत्नीचे निदान पतीच्या आधी होते आणि मग सारा दोष तिच्याच माथी मारला जातो, असे पुष्कळ घडते. मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर घरी बोलण्यापूर्वी समुपदेशकाशी बोलून घ्यावे. दोघांना एकत्र बसवून सांगण्याची सोय केंद्रावर करता येते. गावातल्या डॉक्टरांपासून मात्र औषध लपवू नये. काही औषधे एकमेकांच्या आड येतात, जसे क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्रॅव्हिरचा परिणाम घटतो आणि त्याची मात्रा वाढवावी लागते.

मनाची बाजू याहून अवघड. रोजची गोळी रोज निदानाची आठवण करून देते, आणि ‘माझ्याच कर्माची फळे’ असे ज्याने मनात धरले आहे, त्याला ती शिक्षेसारखी वाटते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते केंद्रावर स्पष्ट सांगावे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. नैराश्यावर उपचार झाले की गोळीही नियमित होण्याची शक्यता वाढते. दारू घेतली त्या दिवशी गोळी चालत नाही, उपवासाला चालत नाही, हे समज सोडून द्यावेत. दारू कमी करणे केव्हाही हिताचे, पण घेतलीच तरी गोळी टाळू नये.

मन सावरण्यासाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे तो व्हायरल लोडचा अहवाल. उपचार सुरू केल्यानंतर ही चाचणी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होते. विषाणू सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अहवाल नुसता फाइलला लावून न घेता त्याचा अर्थ समजावून मागावा.

ऊसतोडीसाठी बीडहून कोल्हापूर, सांगलीकडे जाणाऱ्यांची गोळी थांबते ती अंतरामुळे. निघण्याच्या आधीच्या भेटीतच जाण्याची तारीख सांगावी. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. त्याहून अधिक काळ राहायचे असल्यास मुक्कामाजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था करून घ्यावी आणि उपचारपुस्तिका सोबत न्यावी.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी. पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. खंड कित्येक आठवड्यांचा असेल तर लाजेने तो आणखी वाढतो. अशा वेळी घरात उरलेल्या गोळ्या परस्पर सुरू न करता केंद्रावर जावे आणि किती दिवस औषध बंद होते ते आधीच सांगून टाकावे, म्हणजे क्षयरोगाची लक्षणे व सीडीफोर तपासून पुन्हा उपचार सुरू करता येतात. तेथे जाण्याचे धैर्य होत नसेल, तर एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते.