ओंबी पिवळी झाली म्हणजे गहू पिकला? या चुका टाळा

शेत पिवळं दिसू लागलं की कापणीची घाई सुटते. रंगावर जाऊ नका. मधली एक ओंबी तळहातावर चोळा आणि दाण्याला नख लावा. पांढरा चीक उडाला तर त्या दाण्यात अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी आहे. कणकेच्या गोळीसारखा दबला तर भरणं चालू आहे. नखाचा व्रण नुसता उमटून राहिला, की भरणं संपत आलं. तिथून पुढे दाणा फक्त वाळतो. दाताखाली कट्‌कन फुटेल तेव्हाच कापा.

एवढा आग्रह धरण्याचं कारण दाण्याच्या आत आहे. फुलोऱ्यानंतर आधी वरची सालं आणि पेशी तयार होतात. तेव्हा दाण्यात साखर भरपूर असते, म्हणून हुरड्याच्या ओंब्या गोड लागतात. पुढे तीच साखर स्टार्च बनून साठत जाते आणि सोबत ग्लूटेनची प्रथिनंही भरतात. पक्व दाण्याच्या कोरड्या वजनात साठ ते सत्तर टक्के स्टार्चच असतो. चिकात कापलेला गहू त्यामुळे वाळल्यावर चिमतो आणि वजनात मार खातो.

‘कोवळ्या गव्हात प्रथिनं आणि तंतू जास्त’ हे वाक्य तर हमखास फसवतं. कोरड्या वजनावर मोजलं तर टक्का जास्त दिसतो खरा, पण तो स्टार्च अजून भरला नसल्यामुळे. एका दाण्यातलं एकूण प्रथिन पिकेपर्यंत वाढतच असतं. उशिरा पेरलेल्या गव्हाला आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं, तेव्हाही असंच होतं: उष्णतेने स्टार्च आधी घटतो, दाणा बारीक राहतो आणि प्रथिनाचा टक्का फुगलेला दिसतो. असा टक्का पाहून गहू कसदार ठरवू नका. कोवळ्या दाण्यात थोडं क जीवनसत्त्व असतं, वाळलेल्या गव्हात ते उरत नाही. तेवढा फरक मात्र खरा.

पाणी लवकर तोडणं ही शेतातली सर्वात महाग चूक. पेरणीनंतर ६०-६५ दिवसांनी फुलोरा व चीक भरण्याच्या वेळची आणि ८०-८५ दिवसांनी दाणे भरतानाची पाण्याची पाळी असते. ‘आता पीक आलंच’ म्हणून शेवटची पाळी चुकवली की पोचट दाणा वाढतो.

सीलिअॅकचा (ग्लूटेन न सोसणाऱ्या आतड्यांचा आजार) त्रास असलेल्यांनी हिरव्या ओंब्याही खाऊ नयेत. ग्लूटेन दाणा भरतानाच तयार होत असतं आणि ओंबी भाजल्याने ते जात नाही.

पिकलेला गहू पावसात सापडला तर उभ्या ओंबीतच दाणा मोड धरतो. मग स्टार्च तुटू लागतो, पीठ चिकट होतं, पोळी नीट होत नाही. म्हणून तयार पीक शेतात रेंगाळत ठेवू नका, आणि कणगीत भरण्यापूर्वी ओलावा १२ टक्क्यांच्या आत येईपर्यंत उन्हात वाळवा.