कन्सोल बाहेरून बंद असला तरी

टॉमकॅट (जावा वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) बसवणं, वॉर फाइल (अ‍ॅपचं पॅकेज) चढवणं तुम्हाला येतंच, म्हणून थेट मला जिथे ठेच लागली तिथे येते.

पहिल्या नोकरीत टॉमकॅटच्या मॅनेजरचं पान, म्हणजे अ‍ॅप चढवण्या-काढण्याचा कन्सोल, मी फक्त १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून उघडेल असं करून ठेवलं होतं. स्वतःही एसएसएच टनेलमधूनच (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित वाटेने) जायचे. बाहेरचं कुणी पोचतच नाही, मग एक्सएसएसची (पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याच्या हल्ल्याची) काळजी कशाला, असं ठाम वाटायचं. एके दिवशी सीनियरनी चॅटवर लिंक टाकली, "अगं, ही सेशनची यादी बघ जरा." क्लिक केलं आणि अलर्टची चौकट उघडली. वर लोकलहोस्ट:८०८०. म्हणजे लिंकमधली स्क्रिप्ट आमच्याच कन्सोलमध्ये चालली होती. पोटात गोळाच आला.

आमचा टॉमकॅट ६.०.२९ होता. त्या यादीचा क्रम ठरवणारे सॉर्ट आणि ऑर्डरबाय हे पॅरामीटर न गाळता पानात छापले जायचे. सीव्हीई-२०१०-४१७२ (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ती त्रुटी हीच, ६.०.३० मध्ये दुरुस्त झाली.

हे नीट समजून घ्या. हल्लेखोर कन्सोलपर्यंत येतच नाही, तो फक्त लिंक पाठवतो. टनेल तुमचा, लॉगिन तुमचं, ब्राउझर तुमचा. स्क्रिप्ट कन्सोलच्याच पानात चालते, म्हणून ब्राउझरच्या लेखी ती कन्सोलचीच. अ‍ॅप काढणं, नवी वॉर चढवणं, सगळं ती तुमच्या नावावर करते. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये पत्ता दिसतो १२७.०.०.१. कुकीला एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी खूण) लावलं म्हणून सुटलात असं मुळीच समजू नका. कुकी वाचता आली नाही तरी विनंत्या जातातच, आणि सीएसआरएफचं टोकन (विनंती खऱ्या पानातूनच आली हे पटवणारा गुप्त संकेत) ती पानातूनच उचलते.

एप्रिल २०१० मध्ये खुद्द अपाचेच्या, म्हणजे टॉमकॅट बनवणाऱ्या संस्थेच्या, जिरावर (कामं आणि तक्रारी नोंदवायच्या साइटवर) असंच झालं. एका इश्यूत छोटी केलेली लिंक होती. इन्फ्रा टीमच्या अनेक अ‍ॅडमिननी ती उघडली आणि त्यांची सेशन्स हल्लेखोरांच्या हाती गेली. ती माणसं काही कच्ची नव्हती. तेव्हा तुमच्याकडून क्लिक झालं तर घाबरून लपवू नका, लगेच टीमला सांगा.

वॅफ (घातक विनंत्या अडवणारी वेब फायरवॉल) लावा आणि विसरा, हा सल्ला मला पटत नाही. आधी व्हर्जन वाढवा. टॉमकॅट ७ पासून रोल वेगळे आहेत. मॅनेजर-जीयूआय (पान वापरायचा रोल) असलेल्या युजरला मॅनेजर-स्क्रिप्ट (स्क्रिप्टने काम करायचा रोल) देऊ नका. मॅनेजर लागतच नसेल तर वेबअ‍ॅप्समधून तो फोल्डरच उडवा. लागत असेल तर त्याच्यासाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा, त्यात मेल नाही, चॅट नाही. बेसिक ऑथला (ब्राउझर स्वतःच नाव-पासवर्ड पाठवत राहतो त्या लॉगिनला) लॉगआउट नसतं, टॅब मिटून भागत नाही. काम झालं की ते प्रोफाइल पूर्ण बंद करा, मग टनेल.