पावसाळी पालेभाजी आणि कच्चे शेण

पावसाच्या तोंडावर उकिरडे उपसून शेणखत पसरायची घाई असते. पण वाफ्यात पालेभाज्या, काकडी, गाजर, मुळा अशी कच्ची खाल्ली जाणारी पिके घ्यायची असतील, तर खत पुरते कुजले आहे का, ते आधी पाहा.

जनावरांच्या आतड्यात एन्टेरोबॅक्टेरिएसी कुळातले ग्राम-निगेटिव्ह (म्हणजे ग्राम रंगचाचणीत जांभळा रंग न धरणारे), दंडाकार जिवाणू असतात. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला ही त्यातलीच. सगळे घातक नाहीत; क्लेब्सिएलाचे काही प्रकार हवेतले नत्रही स्थिर करतात. मात्र ई. कोलायचा ओ157 हा प्रकार गुरांना त्रास न देता शेणातून बाहेर पडतो आणि माणसाला रक्ताचे जुलाब लावतो. लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. 2006 मध्ये अमेरिकेत पालकातून तो पसरला, तेव्हा तोच जिवाणू शेताजवळच्या गुरांच्या शेणातही सापडला होता. अशा पिकावर ना डाग पडतो, ना वास येतो.

ऊन आणि कोरडेपणा यात हे जिवाणू लवकर मरतात. ओल्या, सावलीच्या मातीत मात्र ते कित्येक आठवडे तग धरतात आणि पावसाचे थेंब त्यांना मातीसकट पानांवर उडवतात. पानाच्या रंध्रांतून किंवा कापलेल्या देठातून आत शिरलेला जिवाणू नुसत्या धुण्याने जात नाही.

ढीग जुना झाला म्हणजे कुजला, असे धरू नका. उघड्या ढिगाचे आतले तापमान किमान 15 दिवस 55 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त राहिले पाहिजे आणि तेवढ्यात 5 वेळा तो पालटला पाहिजे. कडेचा थर आत गेला नाही, तर तिथले जिवाणू तसेच उरतात. लांब दांड्याचा थर्मामीटर घ्याच, हाताच्या अंदाजावर राहू नका. तयार खतावर ताजे शेण टाकू नका आणि ताज्या ढिगाचे पाणी विहिरीकडे किंवा वाफ्याकडे वाहू देऊ नका.

कच्चे शेण वापरायचेच असेल, तर अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांतले दिवसांचे अंतर पाळण्याजोगे आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीआधी 120 दिवस, नसेल तर 90. महिना-दीड महिन्यात निघणाऱ्या पालेभाजीला ते बसतच नाही, म्हणून तिथे कच्चे शेण नकोच. उभ्या पालेभाजीवर शेणाची स्लरी फवारू नका. वाफ्यावर आच्छादन घाला, म्हणजे माती कमी उडेल. पाने ओली असताना काढणी टाळा. जुड्या जमिनीवर न ठेवता स्वच्छ क्रेटमध्ये ठेवा आणि धुवायला पिण्याजोगे पाणीच घ्या.