फ्रेंचमधले नियमित क्रियापद वर्तमानकाळात कसे चालवावे

वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या पर्यटकांना लेण्यांची माहिती सांगण्याचे काम करावे, या इच्छेने जी मुले-मुली माझ्याकडे फ्रेंच शिकायला येतात, ती बहुतेक जालना, बीड, लातूर या जिल्ह्यांतल्या मराठी शाळांतून आलेली असतात. शाळेत त्यांनी संस्कृतचे धातू चालवलेले असतात, त्यामुळे क्रियापद चालवणे ही कल्पना त्यांना नवी नसते. अडचण निराळ्याच जागी येते. मराठी क्रियापदाचा प्रत्यय इतका बोलका असतो की कर्ता गाळला तरी काही बिघडत नाही; ‘बोलतोस का?’ एवढेच विचारले, तरी समोरची व्यक्ती पुरुष आहे, एकटी आहे आणि तिला आपण ‘तू’ म्हणतो, हे सगळे त्या एका शब्दातून कळते. फ्रेंचमध्ये प्रत्यय कागदावर लिहिले जातात, पण त्यांतले बहुतेक कानाला ऐकूच येत नाहीत, आणि म्हणून कोण बोलतो आहे हे सांगण्याचा सगळा भार कर्त्यावर पडतो. पुढे जे जे सांगितले आहे, ते या एका फरकाशी जोडून वाचावे. फ्रेंच शब्दांचे उच्चार मी देवनागरीत देत आहे आणि जिथे लेखन महत्त्वाचे आहे तिथे रोमन अक्षरांची नावे सांगत आहे.

मराठीत ‘बोलणे’ या शब्दातला ‘णे’ काढला की ‘बोल’ हा धातू उरतो. फ्रेंचमध्ये ‘बोलणे’ म्हणजे ‘पार्ले’, आणि त्याचे लेखन पी-ए-आर-एल-ई-आर असे आहे. यातली शेवटची दोन अक्षरे, ई आणि आर, म्हणजे आपला ‘णे’ समजावा. ती काढली की ‘पार्ल’ हा धातू हाती येतो. फ्रेंचमधली सुमारे 90 टक्के क्रियापदे याच ई-आर गटातली आहेत, म्हणून एक क्रियापद नीट चालवता आले की हजारो क्रियापदे चालवता येतात. धातूला सहा प्रत्यय लावायचे ते असे:

ज पार्ल – मी बोलतो, मी बोलते (धातूपुढे ई)
त्यू पार्ल – तू बोलतोस, तू बोलतेस (ई-एस)
इल पार्ल, एल पार्ल – तो बोलतो, ती बोलते (ई)
नू पार्लों – आम्ही बोलतो, आपण बोलतो (ओ-एन-एस)
व्हू पार्ले – तुम्ही बोलता (ई-झेड)
इल पार्ल, एल पार्ल – ते बोलतात, त्या बोलतात (ई-एन-टी)

‘ज’ हा ‘जीवन’मधला नव्हे आणि ‘जग’मधलाही नव्हे, इंग्रजी ‘प्लेझर’ म्हणताना मध्ये जो घासून आवाज येतो, तो इथे हवा. ‘त्यू’साठी ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि आतून ‘ई’ म्हणावे. ‘पार्ल’मधला ‘र’ घशातून येतो. ज्यांनी मुशायऱ्यात ‘ग़ज़ल’ हा शब्द नीट उच्चारलेला ऐकला आहे, त्यांना त्यातल्या ‘ग़’वरून हा आवाज लवकर साधतो, असा माझा अनुभव आहे.

आता ही सहा रूपे मोठ्याने म्हणून पाहावीत. लिहिताना पाच वेगळी रूपे दिसतात, पण कानाला तीनच ऐकू येतात: ‘पार्ल’, ‘पार्लों’ आणि ‘पार्ले’. मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी उच्चार एकच आहे. त्यामुळे मराठीच्या सवयीने कोणी नुसते ‘पार्ल’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते वाक्य अर्धवट वाटते, किंवा ‘बोल!’ अशी आज्ञा वाटते. कर्ता कधीही गाळू नये. सर्वांत जास्त चुका होतात त्या ई-एन-टी या प्रत्ययाशी. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात म्हणून विद्यार्थी ‘पार्लेंत’ असे काहीतरी म्हणतात. अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटची ही तीन अक्षरे कधीच उच्चारली जात नाहीत. उलट ‘व्हू पार्ले’ आणि मूळ रूप ‘पार्ले’ यांचा उच्चार अगदी एकसारखा असला तरी लेखन वेगळे आहे, एकात झेड आणि दुसऱ्यात आर, हेही लिहिताना लक्षात ठेवावे.

काही गोष्टी मराठी माणसाला सोप्या जातात. मुलाने म्हटले काय आणि मुलीने म्हटले काय, ‘ज पार्ल’मध्ये फरक पडत नाही. आपल्याकडे ‘ते बोलतात, त्या बोलतात’ यांत क्रियापद तेच राहते आणि सर्वनाम तेवढे बदलते. फ्रेंचमध्ये एकवचनातही तसेच होते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला मानाचा भेद आपल्या अंगवळणी पडलेलाच आहे, तेव्हा पर्यटक एकटा असला तरी त्याला ‘व्हू’च म्हणावे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला सुंदर भेद मात्र फ्रेंचमध्ये नाही, दोन्हींसाठी ‘नू’ आहे. रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक ‘नू’च्या जागी ‘ओं’ हे सर्वनाम फार वापरतात आणि त्याच्यापुढे क्रियापद ‘तो’सारखे चालते: ‘ओं पार्ल’.

दुसरी सोय आपल्या मराठवाडी बोलीवरून चांगली समजते. ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलायलोय’ या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानतो, पण फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी ‘ज पार्ल’ हे एकच रूप पुरते. काहीतरी शोधत असलेल्या मित्राला आपण ‘काय शोधायलास?’ असे विचारतो. फ्रेंचमध्ये ‘त्यू शेर्श क्वा?’ एवढे पुरे. इंग्रजीच्या सवयीने ‘आहे’चे फ्रेंच रूप क्रियापदाला जोडण्याचा मोह इथे टाळलाच पाहिजे. ‘मी पाच वर्षांपासून लातूरला राहतो’ या वाक्यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो आणि फ्रेंचही तेच करते: ‘जाबीत आ लातूर दप्वी सँकाँ’. इथे इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी हमखास चुकतो आणि मराठीतून विचार करणारा बरोबर येतो, म्हणून माझ्या वर्गात मी फ्रेंच मराठीतूनच शिकवतो.

‘जाबीत’ या शब्दात एक नवी गोष्ट आली. ‘आबीते’ म्हणजे राहणे. त्याचे लेखन एच या अक्षराने सुरू होते, पण तो एच मुका आहे, म्हणजे शब्द स्वरानेच सुरू होतो असे मानायचे. स्वरापुढे ‘ज’ आपला स्वर सोडतो आणि क्रियापदाला चिकटतो, जसा संधीत होतो. अनेकवचनात आणखी एक उपयोगी गोष्ट घडते: ‘नू’, ‘व्हू’, ‘इल’, ‘एल’ यांच्या शेवटचा मुका एस स्वरापुढे जागा होतो आणि ‘झ’सारखा ऐकू येतो. म्हणून ‘इलाबीत’ म्हणजे तो राहतो आणि ‘इल्झाबीत’ म्हणजे ते राहतात. ‘पार्ल’मध्ये जो फरक ऐकूच येत नव्हता, तो इथे एका ‘झ’ने स्पष्ट होतो.

नकारार्थी वाक्यात मराठीत क्रियापदाचे रूपच बदलते, ‘बोलतो’चे ‘बोलत नाही’ होते. फ्रेंचमध्ये रूप तसेच ठेवून त्याच्या आधी ‘न’ आणि नंतर ‘पा’ ठेवतात: ‘ज न पार्ल पा’.

लेखनातले थोडे अपवाद. ‘मांजे’, म्हणजे खाणे, याच्या ‘नू’च्या रूपात धातूनंतरचा ई ठेवावा लागतो, कारण ओ या अक्षराच्या लगेच आधी जी आला तर तो ‘ग’ होतो. ‘कोमाँसे’, म्हणजे सुरू करणे, यात त्याच कारणासाठी सीखाली छोटी शेपटी काढतात, नाहीतर ‘स’चा ‘क’ होईल. ‘आश्ते’, म्हणजे विकत घेणे, यात ‘जाशेत’ म्हणताना मधला स्वर उघडतो आणि त्या ई अक्षरावर एक तिरकी रेघ येते, पण ‘नूझाश्तों’ आणि ‘व्हूझाश्ते’मध्ये ती नसते. हिमरूच्या दुकानात ‘व्हूझाश्ते अँ शाल?’ असे विचारता येते, आणि ‘शाल’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तसाच फ्रेंचमध्येही पोचलेला आहे. ‘आले’, म्हणजे जाणे, हे क्रियापद ई-आरने संपत असले तरी या नियमाने चालत नाही. ‘मी जातो’ म्हणजे ‘ज व्हे’. ते वेगळेच पाठ करावे.

सरावासाठी पाच क्रियापदे पुरेत: पार्ले, आबीते, रगार्दे (पाहणे), मार्शे (चालणे) आणि व्हिझीते (स्थळ पाहणे). संभाजीनगरहून वेरूळपर्यंतच्या सुमारे 30 किलोमीटरच्या बसप्रवासात ती सहाही पुरुष-वचनांत मनात चालवावीत, पण सुटी रूपे न घोकता वाक्ये करावीत: ‘नू व्हिझीतों ला ग्रोत सेझ’, म्हणजे आपण सोळावे लेणे पाहतो, जे कैलास आहे. घरी आल्यावर एकाने वाक्य म्हणावे आणि दुसऱ्याने ते रोमन लिपीत लिहावे. ‘त्यू पार्ल’ ऐकून एस लिहिला का, ‘इल्झाबीत’ ऐकून ई-एन-टी लिहिले का, एवढेच तपासावे. जिथे चूक झाली, तिथे प्रत्यय परत घोकण्याऐवजी कर्ता नीट ऐकला होता का, हे आधी विचारावे.