डोळ्याची खोबण फुटली तर स्कॅनची सीडी मागून घ्या

जांबोटी रस्त्यावर पावसात आमच्या धाकट्याची गाडी घसरली. गालाचं हाड आत दबलं, डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला, एकाचे दोन दिसायला लागले.

पहिली गोष्ट, नाक शिंकरू देऊ नका. सायनसमधली, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीतली, हवा फटीतून डोळ्यामागं शिरते. नजर कमी होत असेल, डोळा बाहेर येत असेल तर मध्यरात्र असली तरी निघा. लहान पोराचा डोळा वरून चांगला दिसतो, पण वर बघताना ओकारी येत असेल तर स्नायू फटीत अडकलेला असू शकतो. अशा वेळी थांबायचंच नाही.

सीटी स्कॅन 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचा हवा, सीडीसकट. आम्हाला एका ठिकाणी नुसती फिल्म दिली. तिच्यावर कॉम्प्युटरला काही करता येत नाही. पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे!

सीडी असली की चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा मोडक्या बाजूवर बसवतात. त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर हाडाचा साचा निघतो आणि फुटलेल्या तळावर बसवायची टायटॅनियमची जाळी त्यावर आधीच वाकवून घेतात. तो साचा मी हातात धरला होता, खोबणीचा तळ पापडासारखा पातळ. ऑपरेशनात नेव्हिगेशनची, म्हणजे जागा दाखवणाऱ्या यंत्राची, सळई टेकते ती जागा पडद्यावरच्या स्कॅनमध्ये दिसते. मागं डोळ्याची नस असते म्हणून हे फार मोलाचं. ऑपरेशनच्या टेबलावरच स्कॅन होतो का, तेही विचारा. जाळी तिरकी बसली तर तिथंच सुधारता येते.

धाकट्याला जिना उतरताना अजून थोडं दुहेरी दिसतं. तपासणीला जाताना जुनी सीडी पिशवीत असतेच.