मिडवाइफ प्रशिक्षण झालं, तरी लेबर रूम बदलत नाही? या चुका टाळा

प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि बाळंतिणीच्या वाट्याला मात्र जुनीच पद्धत येते. यात सिस्टरांचा दोष कमी, प्रशिक्षण आखणाऱ्यांचा जास्त.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे बाहुलीवर एकदाच सराव घेऊन थांबणं. जन्मल्यावर पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्क (तोंडा-नाकावर मास्क धरून, हातानं बॅग दाबून श्वास देणं) सुरू व्हायला हवा, मिनिटाला ४० ते ६० वेळा. नेमकी तेव्हाच छाती हलत नाही, आणि घाबरून बॅग जोरजोरात दाबली जाते. आधी मास्क बघा: हनुवटी, तोंड, नाक झाकलंय ना, डोळ्यांवर तर येत नाही? मान किंचितच मागे हवी. फार ताणली तरी श्वासाची वाट अडते. स्राव असेल तर आधी तोंड साफ करा, मग नाक. तोंड थोडं उघडं ठेवा. एवढं करूनही छाती उचलली नाही, तरच दाब वाढवा. हा क्रम हातात बसायला दर आठवड्याला, ड्यूटी बदलताना दहा मिनिटं पुरतात. पण बाहुली कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या इन्चार्जकडे असेल तर कसला सराव!

पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना प्रसूतीची प्रगती वेळोवेळी नोंदवायचा तक्ता, प्रसूती उरकल्यावर भरला की रेघ फार सुबक येते. म्हणून फायली तपासू नका. कळा सुरू असलेल्या बाईचा कागद मागा.

रक्तस्राव नजरेनं मोजू नका, अंदाज हमखास कमी येतो. बाईखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी ठेवा. बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात (पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून) १० युनिट ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं औषध) स्नायूत द्यायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तेच अँप्यूल दिवसभर ट्रेमध्ये पडलेलं असतं. त्याची जागा फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत.

पोटावर दाब देऊन बाळ ढकलणं एकट्या शिकलेल्या सिस्टरला थांबवता येत नाही. वरिष्ठ डॉक्टरच ‘दाबा’ म्हणतात, तिथे ती काय बोलणार? डॉक्टर आणि आयाबाईंनाही त्याच सत्रात बसवा.

आणि बदल्या. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मिडवाइफरी उपक्रमात नर्सला १८ महिने शिकवतात. तिला नंतर ओपीडीत टाकायचं असेल, तर शिकवलं कशाला? पाठवण्याआधीच ती परतल्यावर लेबर रूममध्येच राहील, असं लेखी घ्या.